आत्याच्या वाडीसाठी कुत्रं

ज्या दोन माणसांनी जन्मात कधी कुत्र्यापुढे स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा टाकला नव्हता, ती दोन माणसं सव्वा महिना आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून कुत्र्यांवर भांडत होती. एक माझे वडील, दुसरे माझे काका. तिसरा मी. मी भांडत नव्हतो, कारण मी शिकलेला होतो. शिकलेला माणूस भांडत नाही, तो वही काढतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं घर देवळीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. वडील सरकारी कचेरीत मोठे कारकून होते, काका शेती पाहत आणि मी एका हायस्कूलमध्ये नुकताच मास्तर झालो होतो. गावापासून दीड कोसावर नाल्याच्या काठी आमची दोन एकरांची भाजीची वाडी होती आणि त्या वाडीत आत्या राहायची. आत्या म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आली, तेव्हा आजोबांनी ती पडीक जमीन तिला दिली. दिली म्हणजे तोंडानं दिली. सातबारा वडिलांच्या नावावर होता. आजोबा देव माणूस होते असं सगळे म्हणत. देव माणसांना कागद करायला वेळ नसतो.

आत्यानं त्या पडीकात तीस वर्षं काढली. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात भेंडी आणि काकड्या. बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन यायची, पोत्यावर बसून विकायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची. घरी जेवायला थांब म्हटलं तर म्हणायची, वाडीत पाणी लावून आली आहे. पाणी लावलेलं नसलं तरी हेच म्हणायची. तिला आमचं घर आवडत नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, कारण आमचं घर कुणाला आवडत नसेल ही शक्यताच आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येत नसे.

त्या वर्षी फाल्गुनाच्या शेवटी वाडीतल्या मोटारपंपाचा स्टार्टर आणि थोडे पाइप चोरीला गेले. बाजाराचा दिवस होता आणि आत्या देवळीत वांगी विकत बसली होती. म्हणजे चोरी झाली ती आत्या वाडीत नसताना. यावरून माझ्या वडिलांनी आणि काकांनी निष्कर्ष काढला की आत्यानं वाडीत राहणं धोक्याचं आहे. ती असताना तीस वर्षांत एक काकडी गेली नव्हती, ती नव्हती त्या दिवशी स्टार्टर गेला. तरी ती तिथं नको. असा हिशेब माझ्या वर्गातल्या पोरानं मांडला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. वडिलांपुढे मी मान डोलावली.

खरं दुखणं वेगळंच होतं. चोरीची बातमी गावभर झाली आणि कचेरीत कुणीतरी वडिलांना विचारलं की तुमची बहीण एकटी रानात राहते का हो. त्या एका प्रश्नानं वडिलांचं जेवण गेलं. तीस वर्षं बहीण रानात राहते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते दुसऱ्याला ठाऊक आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आत्याला घरी बोलावून सांगण्यात आलं की आता पुरे, मागची खोली रिकामी करतो, ये. तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "कुत्रं आना एखांदं. मी पोशीन त्याले. पन वाडी सोडून मी येनार नाई."

वडिलांनी मेहेरबानी केल्यासारखा होकार दिला. मृगापर्यंत मुदत. तोवर भरवशाचं कुत्रं मिळालं तर ती राहील, नाहीतर पावसाच्या आधी बोचकं बांधून घरी येईल. कुत्रं भरवशाचं आहे की नाही हे कोण ठरवणार, हे कुणी बोललं नाही. ते ठरलेलंच होतं.

इथून पुढे आत्या विषयातून गेली आणि कुत्रं आलं.

वडिलांना अल्सेशियन हवा होता. कारण एवढंच की वडिलांच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर अल्सेशियन होता. सह्यांसाठी फाइली घेऊन वडील तिथं जात आणि चपराशी येऊन कुत्रा धरीपर्यंत फाटकाबाहेर उभे राहत. अशी सहा वर्षं उभं राहिल्यावर माणसाला दोनपैकी एक गोष्ट वाटते. त्या कुत्र्याचा राग तरी येतो, नाहीतर तसलंच कुत्रं आपल्या मालकीचं असावं असं तरी वाटतं. वडिलांच्या बाबतीत दुसरं झालं. अल्सेशियनबद्दल बोलताना ते 'तो' म्हणत नसत, 'ते' म्हणत. "ते फार हुशार असतात." साहेबाबद्दल बोलावं तसं.

काकांना धनगरी कुत्रं हवं होतं. काका बैलांचे जाणकार म्हणून पंचक्रोशीत ओळखले जात. बैलबाजाराला जाताना लोक त्यांना सोबत नेत, चहा पाजत आणि त्यांनी नाक मुरडलेला बैल घेत नसत. त्यांच्या स्वतःच्या दावणीला एक बैल मागच्या पायानं अधू होता आणि दुसरा नांगराला जुंपला की बसत असे, पण जाणकाराच्या घरात डोकावतो कोण? बैलात कळतं म्हणजे घोड्यात कळतं, घोड्यात कळतं म्हणजे कुत्र्यात कळतं, आणि एवढं सगळं कळणाऱ्याला बहिणीच्या मनातलं विचारायची गरज काय, अशी काकांची सरळ वाट होती. त्या वर्षी आमच्या कापूस उपटलेल्या वावरात धनगरानं मेंढ्या बसवल्या होत्या. शेताला खत मिळावं म्हणून दर उन्हाळ्यात बसवायच्या. त्या कळपाबरोबरची कुत्री पाहून काकांनी मन पक्कं केलं होतं.

आणि मी. मी नागपूरला परीक्षेचे पेपर तपासायला गेलो असताना फुटपाथवरून कुत्र्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. विलायतेत छापलेलं. शेवटी प्रश्नावली होती: तुमच्या घराला साजेसं कुत्रं कोणतं? घरात गालिचा आहे का? जिना आहे का? शेकोटीपुढे जागा आहे का? कुटुंबात किती मुलं? एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईसाठी पुस्तकाची शिफारस होती ती मांडीवर बसणाऱ्या लहान केसाळ कुत्र्याची. आत्याच्या मांडीवर तूर निवडायचं सूप असायचं, तेही ती फार वेळ ठेवत नसे. तरी मी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली. आत्याच्या वतीनं सगळी उत्तरं मी दिली. गालिच्याच्या जागी 'शेणानं सारवलेली जमीन' असं लिहिलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. बेरीज केली तर अल्सेशियन तीन गुणांनी पुढे. वडिलांनी ती वही शेजारच्या दोन घरांत दाखवली.

रोज दिवेलागणीला सपरीत बैठक बसायची. वडील म्हणत, अल्सेशियनचा नुसता आवाज ऐकून चोर पळतो. काका म्हणत, पळालेला चोर उद्या परत येतो, धनगरी कुत्रं लांडग्याला धरतं. वडील म्हणत, वाडीत लांडगा कुठला? काका म्हणत, मग तुमचा साहेब कुठला? एकदा आई चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या एवढंच म्हणाली की ज्यांना सांभाळायचं आहे त्यांना एकदा विचारून तर पाहा. दोघंही हसले. भांडण लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. आईनं कप गोळा केले आणि आत गेली. मीही हसलो होतो, हे इथं सांगून टाकतो.

शेवटी तोडगा काकांनी काढला, आणि तो बैलबाजारातला होता. जाणता माणूस बैल पाहिल्याबरोबर घेत नाही. आठ दिवस चालवून पाहायच्या बोलीवर आणतो, वखराला जुंपतो आणि मग काय ते ठरवतो. तशीच दोन्ही कुत्री आठ दिवस वाडीवर ठेवायची. चालेल ते राहील.

अल्सेशियन पुलगावहून आला. फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार आपल्या मुलखात परत जायला निघाला होता आणि त्याला कुत्रा कुणाला तरी द्यायचाच होता. दुधाच्या गाडीत बसून कुत्रा देवळीला उतरला तेव्हा गल्ली जमली. वडील टोपी घालून पुढे झाले. सुभेदारानं एक कागद पाठवला होता: रोज अर्धा शेर मटण, सकाळी एक अंडं, दर तिसऱ्या दिवशी आंघोळ, हुकूम इंग्रजीत द्यावेत. आता आमचं घर माळकरी. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ, तिच्या चुलीवर अंडंसुद्धा कधी चढलं नव्हतं. यावर दोन दिवस चर्चा झाली, की भाकरीवर ठेवला तर त्याचं अल्सेशियनपण उतरेल काय. तोवर इकडे वाडीत आत्यानं ज्वारीची भाकर ताकात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली होती आणि त्यानं भगोणं चाटून साफ केलं होतं.

धनगराचं कुत्रं काकांनी स्वतः निवडलं. तांबूस, एक कान फाटलेला, गळ्यात उलट्या खिळ्यांचा पट्टा. धनगर म्हणाला, माझा कळप पंधरा दिवस इकडेच आहे, ठेवून पाहा, टिकलं तर तुमचं. काकांनी कुत्र्याला मांडीत धरून जबडा उघडला आणि दात मोजले. कुत्र्यानं मोजू दिले. त्यानं बरीच मूर्ख मेंढरं पाहिली असावीत. मग पाठीवर केसांचा भोवरा शोधला. उजव्या अंगाला सापडला, म्हणजे शुभ. नखं मोजली, पुरी वीस भरली. मग अल्सेशियनची पाळी. त्याच्या दाट केसांत अर्धा तास चाळूनही भोवरा सापडेना. काकांनी निकाल दिला, की ज्याला भोवरा नाही ते जनावर दावणीला लागत नाही. वडिलांना हे लागलं. त्या दिवशी भाऊ भाऊ वेगवेगळे जेवले.

मी रोज सकाळची शाळा सुटल्यावर सायकलनं वाडीवर जाऊन वहीत नोंदी करू लागलो. खरं सांगायचं तर दोन्ही कुत्र्यांत खोट नव्हती. वैशाखातलं वर्ध्याकडचं ऊन म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. अल्सेशियन दहा वाजले की विहिरीजवळच्या हौदात उतरायचा आणि फक्त नाक वर ठेवून दिवस काढायचा. पण त्याचे कान तिखट होते. नाल्यापलीकडे कुणी खाकरलं तरी हौदातून भुंकायचा. बगळ्यावर भुंकायचा, टिटवीवर भुंकायचा, मला पाहून भुंकायचा आणि मग शेपटी हलवायचा. धनगरी कुत्रं पहिले दोन दिवस कळप होता त्या दिशेला तोंड करून बसलं, जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी उठलं, वाडीला धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, एक पूर्ण फेरी मारली आणि कडुलिंबाच्या झाडाखाली येऊन बसलं. तिथून चारही बाजू दिसत होत्या. ते भुंकत नसे. कुणाची बकरी आत शिरली की उठून तिच्या मागच्या अंगाला जाऊन उभं राही. बकरी आली त्या वाटेनं तिला परत जाता येत नसे.

चौथ्या दिवशी मी वही उघडून बसलो असताना आत्या भेंडी तोडता तोडता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो सांगते, हा पाह्यते. दोघं बी राहू द्या, बापू. मले जड नाई."

आईचं सोडलं तर सव्वा महिन्यात त्या प्रकरणावर कुणी बोललेलं हे पहिलं शहाणं वाक्य. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी बैठकीत वाचून दाखवलं. वडील म्हणाले, दोन दोन कुत्री पाळायला आपण काय संस्थानिक आहोत? काका म्हणाले, जोडी जमत नाही, एक उंच, एक बुटकं. एका जोखडाखाली चालायची असल्यासारखं. माझ्याकडे दोघांनी पाहिलं. मी म्हणालो, अजून नोंदी पूर्ण व्हायच्या आहेत.

सातव्या दिवशी काकांनी सांगितलं की बैल जुंपल्याशिवाय कळत नाही तसं चोर आल्याशिवाय कुत्रं कळायचं नाही. चोर आणायचा. आता चोर काही गडी नव्हे की निरोप धाडला की यावा. तेव्हा चोर आपणच व्हायचं. भाजीचे चोर आमच्याकडे येतात ते टळटळीत दुपारी, माणूस सावलीला आडवा झालेला असताना. तेव्हा वेळ बारानंतरची ठरली. कुत्र्यांना वास ओळखू येऊ नये म्हणून काकांनी आमच्या सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचे, आणि त्याच्या दोन भावांचे मळके कपडे मागून आणले. तोंड झाकायला वेगळं काही लागणार नव्हतं. वैशाखात आमच्याकडे प्रत्येक पुरुष डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच बाहेर पडतो, डोळे तेवढे दिसतात. उन्हाळ्यात आमचा अख्खा जिल्हा दरोडेखोरासारखा दिसतो.

आत्याला सांगायचं का, असं काकांनी विचारलं. मी म्हणालो, नको. पेपर आधीच फुटला तर परीक्षेला अर्थ काय? वडिलांना हे फार आवडलं. मास्तर मुलगा असल्याचा फायदा, असं ते म्हणाले.

आठव्या दिवशी आम्ही तिघं नाल्याच्या अंगानं वाडीत शिरलो. पुढे वडील, सालदाराच्या गुडघ्यापर्यंतच्या धोतरात. कचेरीत ज्यांच्यापुढे लोक चपला काढून उभे राहत ते गृहस्थ ओणवे होऊन स्वतःच्या बहिणीची वांगी तोडू लागले. नुसतं फिरून भागणार नाही, खरोखर तोडली पाहिजेत, असा काकांचा आग्रह होता. मी पोतं धरलं होतं.

अल्सेशियन हौदातून उठला, दोन वेळा भुंकला आणि पाणी गाळत आमच्याकडे धावत आला. वडिलांचे पाय हुंगले आणि शेपटी हलवू लागला. वडील आठ दिवस रोज कचेरीतून येताना त्याच्यासाठी ग्लुकोज बिस्किटं नेत होते. सालदाराच्या धोतरानं ती बिस्किटं झाकली गेली नव्हती. काका दुपट्ट्याआड हसले. ते हसत असतानाच माझं मागे लक्ष गेलं. धनगरी कुत्रं लिंबाखाली नव्हतं. आम्ही ज्या वाटेनं आलो त्या वाटेवर, नाल्याच्या तोंडाशी, ते उभं होतं. भुंकलं नाही, दातही दाखवले नाहीत. मी डावीकडे सरकलो, ते डावीकडे सरकलं. काकांनी ढेकूळ उचलून दाखवलं तर दोन पावलं पुढे आलं. आम्ही दोन पावलं मागे झालो. असं करत करत त्यानं आम्हा तिघा कर्त्या पुरुषांना वांग्यांच्या सरीतून, हौदाला वळसा घालून, आत्याच्या खोपटाच्या दारापर्यंत आणून सोडलं. आमची पाठ दाराकडे होती. दारात आत्या फावड्याचा दांडा घेऊन उभी होती. दोन वेळा भुंकणं ऐकून ती उठली होती.

तिनं विचारपूस केली नाही. पहिला दांडा काकांच्या पोटरीवर बसला, दुसरा माझ्या पाठीत. तिसरा वडील हातानं अडवायला गेले आणि मनगटातून काड् असा आवाज आला. वडील बसले. दुपट्टा सुटला.

आत्यानं दांडा खाली टेकवला. वाकून भावाचं तोंड पाहिलं, मग आम्हा दोघांचे दुपट्टे एकेक करून ओढले. मला वाटलं आता रडेल, हात जोडेल. तिनं आतून पाण्याचा गडवा आणला, वडिलांपुढे ठेवला आणि पोत्यातली वांगी मोजल्यासारखी पाहिली.

"अवं बाई, मी तुहा भाऊ," वडील म्हणाले.

"चोर होता म्हनून मारलं," आत्या म्हणाली. "भाऊ असता त सामोरून आला असता, आवाज देऊन."

वडिलांचा हात प्लास्टरमध्ये गेला. गावात सांगितलं, सायकलवरून पडले. कचेरीत सांगितलं, पायरीवरून पडले. काका आठ दिवस लंगडले. त्यांचा अधू बैल आणि ते सोबत निघाले की लोक वळून बघत. आमच्या घरात कधी नव्हे ती शांतता नांदली आणि त्या शांततेत निकाल तयार झाला.

निकाल असा. अल्सेशियन नापास, कारण चोराला पाहून त्यानं शेपटी हलवली. धनगरी कुत्रं नापास, कारण ते भुंकलं नाही. आणि आत्या नापास, कारण तिनं सख्ख्या भावावर हात उचलला. एकटं राहून राहून तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. आमच्याकडे चोरच न्यायाधीश होते. अल्सेशियनला सुभेदारानं दुसरं घर पाहून दिलं. धनगराचं कुत्रं परत करायला काका आणि मी गेलो. धनगरानं कारण विचारलं. काका म्हणाले, चोर आले आणि हे गप्प बसलं. धनगरानं विचारलं, "चोर पयाले का मंग?" काका म्हणाले, नाही, पळाले नाहीत. "मंग काऊन वापस आनलं?" यावर काकांनी मेंढ्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

मृगाला आठ दिवस असताना आत्याला घरी बोलावण्यात आलं. ती सपरीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली. वडील आरामखुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. काका शेजारी. वडिलांनी सगळं मुद्देसूद सांगितलं: कुत्रं मिळालं तर राहायचं असं ठरलं होतं, दोन आणली, दोन्ही चालली नाहीत, आता शब्द पाळायचा. ते तिच्या भल्याबद्दल बोलले. आपल्या वयाबद्दल बोलले. लोकांबद्दल तर बरंच बोलले. मनगटाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता, असं नंतर काका म्हणाले.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग भावांकडे न बघता ती माझ्याकडे वळली. तिच्या लेखी घरातला शिकलेला माणूस मी होतो. मी लहान असताना ती बाजारातून जाताना माझ्या शाळेच्या कुंपणाशी थांबायची आणि मला काकडी द्यायची. दुकानातली चिठ्ठी असो की औषधाची बाटली, ती माझ्याकडून वाचून घ्यायची.

"बापू, तू शिकेलसवरेल हाय," ती म्हणाली. "तू होता तठी. कुत्र्यानं अडवलं का नाई, तेवळं सांग."

एवढंच. वाडी मला द्या म्हणाली नाही, माझी बाजू घे म्हणाली नाही. हो किंवा नाही, एका शब्दाचा प्रश्न. वर्गात मी पोरांना हेच सांगत असे, की जे विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या, इकडचं तिकडचं लिहू नका. माझ्या वहीत त्या दुपारची नोंद होती. डावीकडे सरकलो, डावीकडे सरकलं. वही माझ्या खोलीत, दहा पावलांवर.

वडील माझ्याकडे पाहत होते. काका पायाची पोटरी चोळत होते. आतल्या दाराशी आई उभी होती.

मी म्हणालो, "आत्या, बाबांचं आता वय झालंय. त्यांना काळजी लागून राहते. तू घरी आलीस तर सगळ्यांनाच बरं."

आत्यानं मान हलवली. रागावली नाही. एखाद्यानं वजनात मारल्यावर बाजारातला माणूस तराजूकडे पाहतो, तसं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठली.

मृगाच्या आदल्या दिवशी ती आली. काकांनी बैलगाडी पाठवली होती, तिच्यात तिनं सामान ठेवलं आणि स्वतः गाडीच्या मागे चालत आली. वाडी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला दिली. बटईदारानं पहिल्याच वर्षी तिथं कापूस लावला. मागच्या खोलीत आत्या अकरा वर्षं राहिली. कुणाशी भांडली नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं तिनंच केलं, त्याच मनगटाला धरून ती त्यांना उठवायची. आईशी बोलायची, माझ्या बायकोशी बोलायची, मुलांना गोष्टी सांगायची. मी काही विचारलं तर उत्तर द्यायची, जेवढं विचारलं तेवढंच.

मला मात्र तिनं पुन्हा काही विचारलं नाही. औषधाची बाटली मुलांकडून वाचून घ्यायची. संध्याकाळी मी सपरीत मनगटाला घड्याळ बांधून बसलेलो असायचो आणि आत्या माझ्या समोरून, काठी टेकत, किती वाजले ते विचारायला शेजारी जायची.